शेऱ्याच्या रकान्यात न मावलेलं

एखादी बाई लिहिते असं कळलं की लोक तिला दोन प्रश्न विचारतात. घर, नोकरी सांभाळून वेळ कधी मिळतो, हा पहिला. लिहिल्यावर मन मोकळं होत असेल ना, हा दुसरा. दुसरा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. मन मोकळं करायचं असतं तर मी शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसले असते. माझ्या नवऱ्याचे लेख वीस वर्षं छापून येत आहेत, त्याला हे दोन्ही प्रश्न कधी कुणी विचारलेले मी ऐकले नाहीत. त्याला विचारतात, सर, सध्या कशावर चिंतन चालू आहे?

मी नर्स आहे. माहेर कळसाडीचं, कापूस आणि उसाचं. सासर शहाद्यात. नोकरीतली सात वर्षं मात्र सातपुड्यात गेली, नर्मदेकाठच्या एका उपकेंद्रात. मणिबेलीपासूनही बोटीने बराच वेळ आत जायला लागतं, असं ते गाव. धरणाचं पाणी चढल्यापासून तिथे रस्ता म्हणजे पाणीच. पाण्यातून बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांच्यामधून वाट काढत बोट जाते. मी सोमवारी जायची आणि शनिवारी घरी यायची. हातात कायम नोंदवह्या. गरोदर मातांची वही, लसींची वही, जन्माची, मृत्यूची. सरकारने मला लिहिण्याचाच पगार दिला म्हटलं तरी चालेल. प्रत्येक वहीत शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेरा. दोन बोटं रुंद. त्यात 'निरंक' लिहायचं, 'रेफर' लिहायचं, आणि पुढे जायचं.

त्या दिवशी लसीकरण होतं, म्हणून मी काठावरच्याच दुसऱ्या एका गावात होते. बाजाराचा दिवस. गावातली एकुलती एक खाजगी बोट माणसं घेऊन पहाटेच बाजाराला गेलेली. सकाळी नऊच्या सुमारास डोंगरावरच्या पाड्यातून माणसं खाली येताना दिसली. मधे एक पोरगी होती. वय फार तर वीस. दुसरं बाळंतपण. सोबत झोळी आणली होती, पण ती झोळीत बसली नव्हती, कळा येत असताना अर्धा डोंगर स्वतःच्या पायांनी उतरली होती. कळ आली की झाडाला धरून उभी राहायची, कळ गेली की चालायची. मागे तिची आई होती.

मी तिला काठाजवळच्या एका घराच्या पडवीत आडवं केलं, पोटावर हात ठेवला आणि माझ्या हाताला कळलं. मूल आडवं होतं. थोड्या वेळाने मुलाचा हात आधी बाहेर आला. अशा वेळी नर्सला करता येण्यासारखं काही नसतं. पोट उघडायला लागतं, आणि ते दवाखान्यातच होतं. मी सलाईन लावली आणि आशाताईला म्हटलं, दवाखान्याची बोट बोलवा.

आशाताई म्हणजे त्या गावची आशा कार्यकर्ती, तिथलीच, पावरा आदिवासी बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. गावात नेटवर्क नाही. ती टेकडीवर पळत गेली, पळत आली.

"सिस्टर, बोट घाटावर नाही."

"कुठे गेली?"

"पाहुणे घेऊन गेली म्हणतात. पाणी दाखवायला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी तिला परत पाठवलं. ती चार वेळा ती टेकडी चढली. चारही वेळा तेच. कुणी मोठे पाहुणे आले होते, त्यांना धरणाचं पाणी आणि डोंगर बघायचे होते, म्हणून आजाऱ्यांसाठी दिलेली बोट त्यांच्या दिमतीला लावली होती. बोटवाल्याचा फोन लागत नव्हता.

ती पोरगी दुपारी दोनच्या आसपास गेली. मूल तिच्याआधी गेलं होतं. पडवीतून पाणी दिसत होतं, स्वच्छ ऊन होतं, वारा नव्हता. बोट चालवायला याहून चांगला दिवस नसतो.

बोट आली चार वाजता. आमची माणसं काठावर जमलेली बघून ती आमच्याकडे वळली. आत सात-आठ जण, डोक्याला टोप्या, हातात वेफर्सची पाकिटं. त्यातला एक जण मोबाइल वर धरून आमचं चित्रण करत होता. बोट टेकल्यावर त्याने मला विचारलं, "मॅडम, इथे आज काही कार्यक्रम आहे का?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आशाताईने खाली वाकून एक धोंडा उचलल्याचं आठवतं, आणि मी तिचा हात धरल्याचं. तो हात मी का धरला, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

उपकेंद्रात जाऊन मी मृत्यूची वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. बोट किती वाजता मागितली, किती वेळा मागितली, कुठे होती, कधी आली, आत कोण होतं. अक्षर बारीक करत गेले, तरी रकाना संपला. समासात गेले. समास संपल्यावर खालच्या ओळीत उतरले, जी पुढच्या मृत्यूसाठी मोकळी सोडायची असते.

आठवडाभराने तालुक्याच्या साहेबांनी वही मागवली. माणूस मोठ्या आवाजात बोलणारा नव्हता. मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सिस्टर, शेऱ्यात निबंध लिहीत नाहीत."

"सर, जे झालं ते लिहिलंय."

"जे झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. कागदाला एवढं कशाला सांगायचं? पान खराब झालंय, नवीन पान घ्या." मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'नातेवाइकांनी रुग्णास वेळेत आणले नाही.'

मी लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या निळ्या पेनाने. मी घाबरले होते. नोकरी जाईल, चौकशी लागेल, ही भीती होती, आणि त्याहून खोल काहीतरी होतं: साहेब म्हणतात ते लिहायचं ही मनगटाची सवय. नऊ वाजता डोंगर उतरून आलेल्या बाईच्या आईबापांवर मी पाच शब्दांत उशिराचा आरोप ठेवला. खाली सही केली. कुणी कधी ते पान उघडलं तर त्याला माझं सुवाच्य अक्षर दिसेल.

त्या शनिवारी शहाद्याच्या स्टँडवर उतरले आणि घरी जायच्या आधी दोनशे पानी वही घेतली. बाया कशासाठी लिहितात ते मला ठाऊक नाही, मी कशासाठी लिहायला लागले ते मात्र सांगू शकते. माझ्या अक्षरात एक खोटं उभं होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

लिहायला दोन महिने लागले. आमच्या घरात अहिराणी बोलतात, पाड्यावर पावरी, आणि वहीत उतरली ती शाळेतली मराठी. मला दुसरी लिहिता येत नव्हती. लिहून झाल्यावर मी ती वही नवऱ्याला दाखवली. चोरून त्याने वाचली नाही, मीच नेऊन दिली, हे इथे नीट सांगायला हवं. तो हायस्कुलात मराठी शिकवतो, त्याला लिहिण्यातलं कळतं. त्याने ओट्यावर बसून सगळी वाचली. माझा जीव वर-खाली होत होता. दहावीच्या निकालाला झाला नव्हता इतका.

"भावना चांगल्या शेत," तो म्हणाला. "पन मांडणी नही. ठेव मन्हाकडे, मी देखसू."

मला आनंद झाला, हे कबूल करायला आज लाज वाटते.

मी दोन-तीनदा विचारलं. बघतो, म्हणाला. दिवाळी गेली. मग मीही विचारायचं सोडलं. मार्चमध्ये महिला दिनाचा कार्यक्रम ठरला. दुर्गम भागात सेवा करणाऱ्या आम्हा पाच जणींना शाल आणि श्रीफळ मिळणार होतं. प्रमुख वक्ता म्हणून माझ्याच नवऱ्याला बोलावलं होतं. विषय होता, 'स्त्री लिहिते तेव्हा'. सभागृहात सगळ्या बायाच. व्यासपीठावर पाच खुर्च्या, त्यांवर चार पुरुष आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या मिसेस. आम्ही पाच जणी सत्कार घेऊन खाली दुसऱ्या रांगेत येऊन बसलो, मांडीवर नारळ.

नवरा चांगला बोलतो. तो म्हणाला, स्त्री वेदनेतून लिहिते. तिचं लेखन म्हणजे हुंदका. तिला व्यासपीठाची हाव नसते. बाया माना डोलावत होत्या. मग त्याने पिशवीतून एक दिवाळी अंक काढला आणि म्हणाला, यंदा मी नर्मदेकाठच्या एका भगिनीची वेदना शब्दबद्ध करण्याचा प्रयत्न केला आहे, त्यातला एक उतारा वाचतो.

तो वाचायला लागला आणि दुसऱ्या वाक्याला मला माझं वाक्य ओळखू आलं. 'कळ आली की ती झाडाला धरून उभी राहायची, कळ गेली की चालायची.' पुढचंही माझं. त्याच्या पुढचंही. मधे मधे त्याने 'काळीज पिळवटून टाकणारं' वगैरे घातलं होतं, शिवणीवर चमकी लावावी तसं, पण कापड माझं होतं. शेजारच्या सिस्टरने डोळ्यांना पदर लावला. मी नुसती ऐकत होते. मला त्या क्षणी राग आला नव्हता. उलट एक मूर्ख विचार मनात आला, की बघ, मांडणी ठीकच होती.

मग तो बोटीपाशी आला. त्याने वाचलं, 'परंतु नर्मदामाईच्या रौद्र रूपापुढे माणसाचे काही चालले नाही. बोट येऊ शकली नाही.'

मी उभी राहिले. नारळ मांडीवरून पडून गडगडत पुढच्या रांगेखाली गेला, त्या आवाजाने सगळे वळले.

"पाणी शांत होतं," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. "त्या दिवशी पाणी शांत होतं. बोट आली होती. चार वाजता आली, पाहुण्यांना फिरवून. हे मी लिहिलेलं आहे. त्या वाक्याच्या जागी हे लिहिलेलं आहे."

नवरा माझ्याकडे बघत होता, बोट अजून ओळीवर ठेवलेलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला आणि हसत म्हणाल्या, "वहिनी भावुक झाल्या आहेत, साहजिक आहे, जोरदार टाळ्या होऊ द्या." आणि टाळ्या झाल्या. सभागृहभर टाळ्या वाजल्या. आयुष्यात माझ्यासाठी एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या, आणि एवढा अपमानही कधी झाला नव्हता. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आले.

घरी सासूबाई माझ्याआधी पोचल्या होत्या, त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं.

"चार लोकेसमोर नवराले खोटं पाडं?" त्या म्हणाल्या. "काय भेटनं तुले?"

नवरा आल्यावर आधी पाणी प्यायला. मग खुर्चीत बसून, वर्गात मुलांना समजावतो त्या आवाजात म्हणाला, "तुन्हं नाव टाकं असतं तं तुन्ही नोकरी गयी असती. मी तुले वाचाडं."

हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त संताप आला. सरकारी नोकरीतल्या नर्सने असं छापलं तर नोटीस येते. पण मग त्याने मला विचारायचं होतं.

"मंग बोट कसाले काढी टाकी?" मी विचारलं. "मन्ही नोकरी त्या बोटमा व्हती का?"

"ते कोनी छापतं नही. संपादकले ललित पाहिजे व्हतं."

"आनि मन्ही वही?"

"तुन्हं-मन्हं काय येगळं शे?"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. पिठाच्या डब्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत घरात काय त्याचं आणि काय माझं हे सगळ्यांना नेमकं माहीत असतं. फक्त माझ्या वाक्यांवर आल्यावर ते वेगळं नव्हतं! मी एवढंच म्हटलं, "येगळं नही तं मन्हं नाव टाकाले काय व्हयनं व्हतं?" त्यावर तो अंघोळीला उठून गेला.

मी त्याच्या कपाटातून माझी वही काढून घेतली आणि त्या अंकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. मूळ वहीच्या पानांचे फोटो जोडले. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी त्यांच्याच मासिकात शेवटच्या पानावर तळाशी एक चौकट आली: 'सदर लेखासाठी लेखकाला त्यांच्या पत्नीचे मोलाचे सहकार्य लाभले.' सहकार्य. मी ते कात्रण कापून वहीत चिकटवलं. माझं नाव त्यातही नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर ही माझ्या नवऱ्याची तक्रार झाली असती, आणि मी बरोबर ठरून मोकळी झाले असते. पण त्याच मार्च महिन्यात, रागाच्या भरात, मी ती वही घेऊन पाड्यावर गेले. त्या पोरीच्या आईला सांगावं असं वाटलं, की बघ, खरं काय ते मी लिहून ठेवलं आहे. मला वाटतं मला तिच्याकडून शाबासकी हवी होती. निदान तिने माझ्या बाजूने नवऱ्यावर चिडावं, असं नक्कीच वाटत होतं.

मोहाची फुलं पडायचे दिवस. तिने अंगणात फुलं वाळत घातली होती आणि हाताने पसरत होती. आशाताई आणि मी शेजारी बसलो. मी मराठीत एक वाक्य वाचायची, आशाताई ते पावरीत सांगायची. त्यांच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च म्हणतात, लहान-मोठं नाही. ती फुलं पसरत ऐकत होती. मी वाचत गेले: '...ती मुकाट्याने सोसत राहिली. तिच्या डोळ्यांत कुणाबद्दल तक्रार नव्हती.'

आशाताईने ते सांगितलं आणि त्या म्हाताऱ्या आईचा हात थांबला. तिने काहीतरी विचारलं. आशाताई माझ्याकडे बघायला लागली.

"सांग ना, काय म्हणाली?"

"म्हणते, ती गप्प कधी होती?"

मला सात वर्षांत तेवढी पावरी कळायला लागली होती. मी आशाताईला उगाच विचारलं होतं.

म्हातारी आता सरळ माझ्याशी बोलली. "ती शिव्या देत होती. बोटीला देत होती, नवऱ्याला देत होती, मला देत होती. तुलाही दिल्या. तू तिचा हात धरला होतास तेव्हा ती तुला काय म्हणाली, ते मी ऐकलं. तूही ऐकलंस. ते कुठे आहे?"

ते नव्हतं. ती पोरगी मला म्हणाली होती, "तुझ्या पिशवीत काही नाही, तर आलीस कशाला?" दोनदा म्हणाली होती. मला शब्दन्शब्द कळला होता. आणि दोन महिने लिहिताना ते वाक्य मी एकदाही वहीवर आणलं नव्हतं. त्याच्या जागी मी तिला मुकाट केलं. तसं केलं की वाचणाऱ्याला दया येते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं तरी येत होतं. शिव्या देणाऱ्या बाईची दया येत नाही, तिची भीती वाटते. शिवाय ती शिवी माझ्यावर होती.

नवऱ्याने बोट काढून टाकली. मी त्या पोरीचा आवाज काढून टाकला. माझा राग खोटा पडला असं मी म्हणणार नाही, तो आजही आहे, पण त्या अंगणात तो एकट्या नवऱ्यावर राहिला नाही.

"खोडू का हे सगळं?" मी विचारलं.

ती पुन्हा फुलं पसरायला लागली. "खोडू नको. लिही. पण ती जशी होती तशी लिही. आणि लिहिलं की परत येऊन वाच."

मी परत गेले. तीनदा गेले. प्रत्येक वेळी तिने काहीतरी दुरुस्त केलं. माझ्या लेखी ती पोरगी 'अशिक्षित' होती. ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली होती, मी विचारलंच नव्हतं. मी लिहिलं होतं, 'देवाच्या मनात नव्हतं.' म्हातारी म्हणाली, "देवाला मधे घालू नको. बोट देवाने नेली नव्हती." तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत ऐकून ती उठली आणि घरातून तांब्यात पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं.

त्यातूनच मी अर्ज तयार केला. बाळंतिणीच्या प्रत्येक मृत्यूची जिल्ह्याला चौकशी होते, म्हणजे कागदावर होते. त्या समितीकडे मी स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की अमुक नोंदीतला शेरा खोटा आहे, तो मी दबावाखाली लिहिला, आणि खरी हकीकत सोबतच्या चार पानांत आहे. पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. नवऱ्याला सांगितलं नाही. कळल्यावर तो दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला.

समितीने आम्हाला बोलावलं. म्हातारी बोटीने, मग जीपने, मग एसटीने आली. आशाताई सोबत. टेबलामागे चार जण, कडेला लिहून घेणारे एक क्लार्क. म्हातारीला विचारलं, काय झालं ते सांगा. ती उभी राहून पंधरा मिनिटं बोलली. आशाताई तुकड्या-तुकड्याने मराठीत सांगत होती. झाल्यावर क्लार्क म्हणाले, "आजी, अंगठा इथे."

"आधी वाचून दाखवा, सर," मी म्हटलं.

"सिस्टर, तुमचा जबाब झालाय ना?"

"वाचा. तिला ऐकायचंय."

त्यांनी वाचलं. पंधरा मिनिटांच्या अडीच ओळी झाल्या होत्या. 'मयताच्या आईने सांगितले की मुलीस त्रास होत होता व वाहन उपलब्ध झाले नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही.' आशाताईने ते पावरीत सांगितलं. म्हातारीने अंगठा पुढे केलेला, शाई लावलेला, तो मागे घेतला.

"तक्रार आहे," ती म्हणाली. हे तिने मराठीत म्हटलं. तिला मराठीचे दहा-वीस शब्द येत असतील. कुणी दुभाषा लागला नाही. "तक्रार आहे. लिही."

क्लार्कने टेबलामागच्या मोठ्या साहेबांकडे पाहिलं, त्यांनी घड्याळाकडे. मग नवीन कागद घेतला गेला. दुसऱ्यांदा लिहायला तासभर लागला. ती एकेक वाक्य सांगायची, क्लार्क लिहायचे, वाचून दाखवायचे, ती मान हलवायची, मग पुढचं. मुलगी काय काय बोलली तेही तिने लिहायला लावलं. माझ्या पिशवीचं वाक्य आलं तेव्हा क्लार्कने थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा. तीन पानं भरली. तिने अंगठा उठवला आणि पदराला शाई पुसली.

याचं पुढे काय झालं ते सांगते, कारण लोक ते विचारत नाहीत. नोंदीतला शेरा बदलला. आता तिथे लिहिलंय, 'वाहतूक साधनाअभावी विलंब.' कुटुंबावरचा आरोप गेला, तेवढं झालं. बोट कुणी मागितली, कुणी दिली, हे अजून कुठल्याही कागदावर नाही. पाहुण्यांची नावं नाहीत. तालुक्याच्या साहेबांना बढती मिळाली. मला 'खोटी नोंद केल्याबद्दल' कारणे दाखवा नोटीस आली. खोटी नोंद करायला लावणाऱ्याला कारणं विचारली गेली नाहीत. माझी बदली खांडबाऱ्याकडे झाली. तिथे रेल्वे आहे, रस्ता आहे, फोनला रेंज आहे, नातेवाईक म्हणतात बरंच झालं की. आशाताई सांगते, दवाखान्याची बोट आता घाटावर उभी असते, निदान बाजाराच्या दिवशी तरी. कुणाच्या आदेशाने ते तिला माहीत नाही.

मी अजून लिहिते. नवरा आणि मी एका घरात राहतो, शनिवारी मी येते, तो भाजी आणून ठेवतो. वही मी त्याच्या हातात देत नाही आणि तो मागत नाही. हे पान मात्र मी ओट्यावर बसूनच लिहीत होते. तो चहा घेऊन आला, कप ठेवला, आणि तिथेच उभा राहिला.

"मन्हाबद्दल काय लिखं?"

"जे व्हयनं ते."

"माले दखाड पहिले."

"छापीसन येऊ द्या," मी म्हटलं, "मंग वाचा."

तो आत गेला. मी चहा पिऊन घेतला आणि राहिलेलं लिहायला लागले.